लहान मुलाला घेऊन राणीच्या बागेत : ठाणे-नवी मुंबईच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल अशा ठिकाणांहून भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, दोन ते सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्यांसाठी हे पान आहे. शाळेची सहल किंवा पंधरा जणांचा गोतावळा यांची गणितं वेगळी असतात. इथे धरलंय एक मोठं माणूस आणि एक लहान मूल. दोघंच गेलात तर मुलाच्या चालीने चालता येतं, आणि माझ्या मते या वयात प्राणिसंग्रहालय बघायची तीच खरी रीत आहे.

मूल किती वर्षांचं झालं की न्यावं?

दोन वर्षांच्या मुलाला नेलं तरी चालतं, पण त्याला वाघापेक्षा कावळा आणि खारच जास्त आवडेल. त्यात काही वाईट नाही. तीन-साडेतीनला मूल प्रश्न विचारू लागतं, तेव्हा खरी मजा सुरू होते. पुस्तकातला पाणघोडा आणि समोरचा पाणघोडा एकच, हे जुळलं की चेहरा बघण्यासारखा होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र त्याच्यासाठी म्हणून नेऊ नका. तुम्हाला जायचं असेल तर झोळीत बांधून खुशाल जा.

कोणता वार बरा?

बुधवार सोडून कोणताही. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, त्यामुळे सणाच्या आठवड्यात गुरुवारीही जरा चौकशी करून निघा. मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवारची रजा टाकता आली तर उत्तम. रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत पेंग्विनच्या रांगेतच मुलाचा धीर संपतो, आणि उंच माणसांच्या पायांपलीकडे त्याला काही दिसत नाही. रविवारशिवाय जमणारच नसेल तर साडेनऊला दार उघडतानाच पोचा. पहिला दीड तास बाग बरीच मोकळी असते, ऊनही कोवळं असतं.

ठाण्याहून कसं जावं?

लोकलने. गाडी असली तरी लोकलने, कारण या वयात निम्मी सहल लोकलमध्येच होते. ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल धरा, बसायला जागा मिळते. तासाभराच्या आत भायखळा येतं. जलदही भायखळ्याला थांबते, पण कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या जलद गाडीत सकाळी लहान मुलाला घेऊन चढू नका. कामाच्या दिवशी गर्दी ओसरल्यावर निघा, साडेदहाला पोचलात तरी काही बिघडत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही.

खिडकीत बसलेल्या मुलाला सांगण्यासारखी एक गोष्ट ठाणेकरांकडे आहे. देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून आपल्या ठाण्याला आली, ती याच मार्गाने. तिला वाफेची तीन इंजिनं जोडली होती. पाच वर्षांच्या मुलाला तीन इंजिनं ऐकून जो आनंद होतो, तो वाघ बघूनही होईलच असं नाही.

भायखळ्याला पूर्वेला उतरा. बागेचं दार तिथून लहान मुलाच्या पावलांनी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. दमलं असेल तर टॅक्सी करा. शहरात रिक्षा नसतात, त्यामुळे काळी-पिवळी बघून “ही रिक्षा अशी का?” हा प्रश्न ठरलेला.

आणि नवी मुंबईहून?

ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यावं आणि तिथून वर सांगितल्याप्रमाणे जावं. वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेलकरांचा नेहमीचा रस्ता हार्बरने कुर्ला आणि तिथे गाडी बदलून भायखळा. पण कुर्ल्याचा पूल एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल घेऊन चढणं गर्दीच्या वेळी फार जड जातं. मी सीएसएमटीच्या हार्बर लोकलमध्ये बसून राहायला सांगेन. रे रोडला उतरा आणि टॅक्सी करा. बाग तिथून जवळ आहे आणि गाडी बदलायची दगदग वाचते.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते नक्की बघा. हार्बरवर ब्लॉक असेल तर वाशीकरांनाही ठाण्यामार्गेच यावं लागतं.

तिकीट किती?

२०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ रुपये, आणि आईबाबा व दोन मुलं अशा चौघांना मिळून १०० रुपये. तीन वर्षांखाली तिकीट नाही.

पिशवीत काय न्यावं?

पाण्याची स्टीलची बाटली, टोपी, एक जोड कपडे, ओला रुमाल, लहान असेल तर डायपर आणि खाली अंथरायला जुनी ओढणी. खायला कोरडं आणि एका हाताने खाता येईल असं काहीतरी: तूप-गुळाच्या पोळीची गुंडाळी, थालीपिठाचे तुकडे, केळं, चिरमुरे. दहीभात घरी ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं नेऊच नका. वाऱ्याने उडालेलं पाकीट हरणाच्या पोटात गेलं तर ते मरू शकतं. हे मुलाला घरीच समजावून सांगितलं की डबा भरायला तेच मदत करतं.

खेळणं नको. दुर्बीण तर मुळीच नको. या वयात ती डोळ्याला न लागता गळ्यात अडकते.

सगळे प्राणी बघून व्हायला किती वेळ लागतो?

सगळे बघू नका. लहान मुलाबरोबर गेलेल्यांची दमछाक होते ती याच हट्टापायी. पन्नास एकरांहून मोठी बाग आहे. “चल पुढे, अजून बिबट्या राहिलाय” असं म्हणत मुलाला ओढत नेलं की दोन तासांनी मूल रडतं, आपण चिडतो आणि कुणाच्याच लक्षात काही राहत नाही. घरून निघतानाच चार-पाच प्राणी ठरवा. त्यातला एक मुलाने निवडलेला असू द्या. बाकीचे वाटेत दिसले तर दिसले.

आणि एकेका ठिकाणी थांबा. पाणघोड्याचंच बघा. लोक येतात, पाण्यात नुसती काळी पाठ दिसते, “काही दिसत नाही” म्हणून निघून जातात. पाणघोडा पाण्याखाली साधारण तीन ते पाच मिनिटं राहतो, मग श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. मुलाला कठड्याशी उभं करा आणि दोघं मिळून आकडे मोजा. शंभरपर्यंत येत नसेल तर दहा-दहा पुन्हा पुन्हा मोजा. दोन कान वर येतात, नाकपुड्या उघडतात आणि फुस्स करून पाणी उडतं. ज्या मुलाने वाट बघून तो क्षण मिळवलाय, त्याला तो आयुष्यभर पुरतो. दीड हजार किलोंच्या आसपास वजनाचा हा प्राणी नात्याने देवमाशाच्या जवळचा आहे, हेही तेव्हाच सांगा. पाण्यातून वर येणारं ते नाक समोर असताना ते पटकन पटतं.

मगरीचंही तसंच. तोंड वासून तासन् तास पडलेली मगर बघून मुलं विचारतात, हिला भूक लागलीय का? ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते, तिला घाम येत नाही. काचेतून पाण्याखालची मगर दिसते तिथे मुलाला खाली बसू द्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती आपल्याला दिसते त्यापेक्षा कितीतरी मोठी दिसते.

पेंग्विन आधी बघावेत की शेवटी?

सकाळी लवकर पोचलात तर आधी. आत गार असतं, बाहेर आल्यावर एकदम उकडतं, म्हणून भर दुपारी नको.

जाण्याआधी घरी एक गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर मूल आत जाऊन बर्फ शोधत बसतं. हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत. यांचं घर दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, तिथे बर्फ नाही, खडक आहेत आणि समुद्राचा थंड प्रवाह आहे. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन इथे आणले, लोकांना ते २०१७ पासून बघता येऊ लागले. त्यांना दात नसतात, मासा अख्खा गिळतात. जमिनीवर डुलत चालणारा पेंग्विन पाण्यात शिरला की उडाल्यासारखा पोहतो, तेव्हा काचेच्या खालच्या भागाशी बसा. गर्दी पुढे ढकलते खरी, पण कडेला झालं की थोडा जास्त वेळ मिळतो.

एवढं लांब गेलो आणि वाघ झोपलेलाच होता. मूल खूप हिरमुसलं. काय करावं?

पहिली गोष्ट, कुठलाच प्राणी दाखवायचं वचन घरून देऊ नका. “वाघ बघायला चाललोय” असं म्हणण्याऐवजी “वाघाच्या घरी चाललोय, तो काय करत असेल बघू” असं म्हणा. मग झोपलेला वाघही उत्तरच असतो.

दुसरी गोष्ट, वाघाला झोपायचंच असतं. मार्जारकुळातले मोठे प्राणी दिवसाचा बराचसा वेळ पडून काढतात आणि पहाटे-संध्याकाळी हिंडतात. झोपलेल्या वाघाकडे बघण्यासारखं पुष्कळ असतं. पोट वर-खाली होतं, माशी बसली की कान हलतो, शेपटीचं टोक एकटंच जागं असतं. पट्टे बघा, कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. आपल्या बोटांच्या ठशांचंही तसंच, हे सांगितल्यावर मुलं स्वतःची बोटं बघायला लागतात.

काचेवर टकटक करून त्याला उठवायचं मात्र नाही. मूल विचारेल, का? तर सांगा, तुझ्या खोलीच्या खिडकीवर दिवसभर लोकांनी टकटक केली तर तुला कसं वाटेल?

मूल घाबरून रडायला लागलं तर?

तिथून लांब व्हा. “घाबरतो काय, तो आत आहे ना” असं म्हणून पुन्हा कडेवर उचलून जवळ नेऊ नका. मोठे पक्षी एकदम ओरडले की धीट मुलंही दचकतात. पक्ष्यांच्या जाळीदार विहारात आपण आत शिरतो आणि पक्षी डोक्यावरून उडतात, तिथे काही मुलं आनंदाने किंचाळतात, काही आईच्या कुशीत तोंड लपवतात. दोन्ही ठीक. बाहेर बाकावर बसून पाणी प्यायल्यावर बहुतेक मूल स्वतःच म्हणतं, परत जाऊया. नाही म्हणालं तर हरणांकडे जा.

इतर लोक प्राण्यांना खायला टाकतात, ओरडतात. मुलासमोर काय बोलावं?

आपलं मूल आपल्याकडे बघतंय हे लक्षात ठेवून शांतपणे सांगा: “दादा, टाकू नका, त्याला त्रास होतो.” ऐकलं नाही तर सुरक्षारक्षकाला बोलवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, इजा करणं किंवा खाऊ घालणं याला स्पष्ट मनाई आहे आणि त्याला शिक्षा आहे. माकडाला केळं देण्यात पुण्य आहे असं मनापासून मानणारे आजोबा भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, पण मुलाला बाजूला घेऊन सांगा की प्रत्येक प्राण्याचा आहार ठरलेला असतो आणि तो त्याची काळजी घेणारे काकाच देतात.

“बाबा, याला कोंडून का ठेवलंय?” याला काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न आला की समजा, मुलाने नीट बघितलं. “ते मजेत आहेत इथे” असं म्हणून तो उडवून लावू नका. मुलाला फेऱ्या मारणारं अस्वल दिसलेलं असतं, त्याला आपलं खोटं कळतं.

खरं उत्तर प्रत्येक प्राण्याचं वेगळं आहे. इथे २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आली. ते वाघ प्राणिसंग्रहालयातच जन्मलेले होते. शिकार कशी करायची हे पिल्लू आईबरोबर जंगलात फिरून शिकतं, ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. अशा वाघाला जंगलात सोडलं तर तो उपाशी मरेल, नाहीतर गावात शिरेल. काही प्राणी जखमी किंवा अनाथ सापडतात आणि परत जाऊ शकत नाहीत. आणि काही, जसे पेंग्विन, लोकांना बघता यावेत म्हणूनच आणलेले असतात. हेही सांगा. “ते बरोबर आहे का?” असं मूल विचारेल. माझं उत्तर असतं, मोठ्या माणसांचंही यावर एकमत नाही, तुला काय वाटतं?

पूर्वीपेक्षा काय बदललं तेही सांगण्यासारखं आहे. १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देशातल्या संग्रहालयांवर देखरेख करतं, त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. आजीला विचारा, तिच्या लहानपणी राणीच्या बागेतले पिंजरे कसे होते. लोखंडी गज आणि सिमेंटची फरशी. आता बऱ्याच ठिकाणी काच, माती, झाडं आणि पाणी आहे. जागा अजून मोठी हवी असं मला प्रत्येक वेळी वाटतं, आणि ते मी मुलांपासून लपवत नाही.

ठाण्याच्या मुलाला तर याचं उत्तर खिडकीतून दाखवता येतं. समोरचा येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं ते जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध आहे आणि त्यात मोकळे बिबटे राहतात. काचेमागचा बिबट्या बघून आल्यावर रात्री गच्चीत उभं राहून सांगा, त्या अंधारात त्याचाच एक भाऊबंद आत्ता चालत असेल, कदाचित हरणाच्या मागावर, कदाचित आपल्याच वस्तीच्या कडेला. म्हणून येऊरला गेलो की कचरा टाकायचा नाही. कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. कोंडलेला आणि मोकळा यातला फरक मुलाला एवढ्याने समजतो.

मूल फक्त शी-शू बद्दलच विचारतं. लाज वाटते.

वाटू देऊ नका. कोण काय खातं हे त्यावरूनच कळतं. हरणाच्या लेंड्या दाखवा, त्या कोरड्या आणि गोल का असतात ते बोला. जंगलात प्राणी मोजणारे अभ्यासकही विष्ठाच तपासतात.

मूल हरवलं तर?

दारातच त्याचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. मनगटावर कापडी पट्टी बांधून तुमचा मोबाईल नंबर लिहा, नाव लिहू नका. कुणी अनोळखी नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवतं. त्याला सांगून ठेवा: आई दिसेनाशी झाली तर आहेस तिथेच उभा राहा, मोठ्याने हाक मार आणि गणवेशातल्या माणसाला किंवा लहान बाळ असलेल्या बाईला सांग. घरी हे एकदा खेळून बघा. सापडत नसेल तर आधी जवळच्या रक्षकाला सांगून दारावर निरोप पोचवा, मग शोधा. ११२ आणि लहान मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक फोनमध्ये असू द्या.

दुपारी झोप आवरत नाही. थांबावं की परतावं?

परता. एकच्या आत लोकलमध्ये बसलात तर मूल मांडीवर झोपत ठाण्यापर्यंत येतं आणि गाडीही बरीच रिकामी असते. थोडा दम बाकी असेल तर निघताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे झाडं. ही बाग १८६२ मध्ये वनस्पती उद्यान म्हणून खुली झाली, प्राणी नंतर आले. गोरखचिंचेचं भलंमोठं खोड आहे, त्याला मिठी मारायला तुमच्यासारखे कितीतरी जण लागतील. कैलासपतीची फुलं थेट खोडावर लागतात आणि फळं तोफगोळ्यांसारखी दिसतात, त्याखाली उभं राहू नका.

दुसरी गोष्ट बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती. तो घारापुरीचा. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, पण उचलताना तो फुटला आणि इथेच राहिला. पुढे तुकडे जोडून उभा केला. सांधे अजून दिसतात, मुलांना ते बोटाने मोजत बसायला आवडतं. संग्रहालयाच्या आत या वयात गेलं नाही तरी चालेल.

पावसाळ्यात जावं का?

श्रावणातल्या उघडिपीच्या दिवशी जा, बाग फार हिरवी असते. जुलैच्या संततधारेत नको. कुर्ला-सायनला पाणी भरलं की परतीचे वांधे होतात. सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

भायखळा फार लांब वाटतं. जवळपास काही आहे का?

आहे, आणि तीन वर्षांखालच्या मुलासाठी मी तेच आधी सुचवेन. ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित पक्षी, आपले फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे असतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत नेतात, पण फेऱ्या भरती-ओहोटीवर ठरतात. वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर मूल कंटाळतं. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. पक्षी गुलाबी का? खाण्यामुळे. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यांना तो रंग येतो, पिल्लं राखाडी असतात. पालक-बीट न खाणाऱ्या मुलांच्या घरी ही माहिती फार कामाला येते.

घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी आहे. ती रविवारी सकाळी बघता येते आणि पाऊस सरल्यावर, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, तिथे सर्वांत जास्त फुलपाखरं असतात. काळ्या पंखांवर निळी चमक असलेलं मोठं फुलपाखरू दिसलं तर मुलाला सांगा, २०१५ पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. ऊन चढल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत, म्हणून ढगाळ सकाळी घाई करून निघू नका.